आधी तुम्ही हसायचं

डॉक्टर हेमाली मढवीला भिवंडीत न ओळखणारा माणूस विरळा, आणि तिने ज्याला रस्त्यात ओळख दाखवली असा माणूस त्याहून विरळा. भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांचं एकमत होतं की बाई हुशार आहे पण भलतीच शिष्ट आहे. काही जण मात्र हा विषय निघाला की गप्प बसत. ते तिचे पेशंट होते.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र आहे, तिथे ती बसायची. नवा पेशंट समोर आला की आजार समजावायची, गोळ्या समजावायची, आणि सगळं झाल्यावर शेवटी, पेन खाली ठेवून, एक गोष्ट सांगायची.

"बाहेर कुठे भेटलो तर मी तुम्हाला ओळखत नाही. राग मानायचा नाही. बोलावंसं वाटलंच तर आधी तुम्ही हसायचं. तुम्ही हसलात तर मी हसेन."

ही तिची स्वतःची पद्धत. त्यामागे कारण साधं होतं. ती कसली डॉक्टर आहे हे गावाला ठाऊक होतं, त्यामुळे तिने भर बाजारात कुणाला 'कसे आहात' विचारलं की झालं, त्या माणसाची भाकरी वेगळ्या ताटात पडलीच म्हणून समजा. तिने आपल्या माणसांना असं वाचवलं, आणि त्या नादात वीस वर्षं खाली मान घालून चालायची सवय लावून घेतली. लोक हसत नसत, हे ओघानं आलंच. कोण कशाला हसेल?

सुरुवातीला ती अशी नव्हती. एम.डी. होऊन मुंबईहून परत आली तेव्हा औषधं होती, पण इथल्या कुणाच्या ऐपतीची नव्हती. लूमवरचे तरणेबांड कामगार वाळून काड्या होत, आणि तिच्या हातात सलाइन नि धीर एवढंच. पहिली दोन-तीन वर्षं ती प्रत्येक मरणाला रडली. पुढे फक्त पोरांच्या मरणाला. मग सरकारी गोळ्या फुकट मिळायला लागल्या, माणसं उठून बसली, कामाला गेली, लग्नं करून पेढे घेऊन आली, आणि तोवर हिचं रडणं आटलं होतं आणि हसणंही. तिने संशोधन केलं. रात्रपाळीची माणसं गोळ्या का सोडतात, यावर चार वर्षं खपून निबंध लिहिला आणि परदेशात जाऊन वाचला. निष्कर्ष असा होता की सगळ्यात जास्त माणसं गोळ्या सोडतात ती बरं वाटायला लागल्यावर. टाळ्या पडल्या. हॉटेलच्या खोलीत येऊन ती भिंतीकडे बघत बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच वाटत नाहीये. दात काढण्याआधी सुई देतात तसं झालं होतं. गाल स्वतःचाच, पण चावला तरी कळू नये.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सवय झाली. समुपदेशक मृणाली सकाळी येऊन सांगायची, अमका गेला, तमकी येत नाही, आणि हेमाली 'हूं' म्हणून पुढचा पेशंट बोलवायची. "जानकीबाई फोन उचलत नाहीये, मॅडम. गोळ्या कधीच संपल्या असतील तिच्या," असंही मृणाली एकदा म्हणाली होती. त्यालाही हेमालीने 'हूं'च म्हटलं होतं.

लग्नकार्याला ती जात नसे. गेली तर लोक कुजबुजणार, इथे कुणाला काय झालंय. पण या वेळी लग्न सख्ख्या भावाच्या मुलीचं, पूर्वीचं. केसरीनाथदादा स्वतः अक्षत घेऊन तिच्या खोलीवर आला, आणि खुर्चीवर न बसता दारातच उभा राहिला.

"आत्याशिवाय हळद लागायची नाय आपल्या घरात," तो म्हणाला. "धवलारणीची ओटी आत्यानंच भरायची, ही आपल्या आयची रीत हाय. तू ये नायतर मी मांडवच घालत नाय."

मांडव आधीच घातलेला होता हे दोघांनाही माहीत होतं. पण ती गेली.

दादाचं घर वडप्याच्या अलीकडे. ज्या शेतात हेमालीने लहानपणी भाताची रोपं लावली होती तिथे आता निळ्या पत्र्यांची गोदामं उभी होती, आणि त्यांच्या भाड्यावर दादाचं तीन मजली घर. संध्याकाळच्या डीजेचे खोके दुपारीच येऊन पडले होते. त्यांची खरखर सुरू व्हायच्या आत धवलारणीचं उरकायचं होतं. धवलारीण म्हणजे लग्नातले धवले गाणारी बाई. भटजीच्या आधी तिचा मान. तिने देवांना आणि घरातल्या मेल्या-जित्यांना नावानिशी बोलावलं की मगच हळद.

मांडवात बायकांचा गोल बसला होता. मध्ये पाटावर पूर्वी, शेजारी हळदीचं ताट, आणि अर्धवट पाठमोरी बसून गाणारी धवलारीण. आवाज जुना, जरा फाटका, पण पल्ला मोठा. हेमाली चपला काढून कडेला उभी राहिली. गाण्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिला ऐकू आला तो मधला खोकला.

कोरडा, खोलातून येणारा, बाईला नको असताना येणारा. मग तिने पाहिलं की ब्लाउज खांद्यावर सैल झालाय, गळ्याची हाडं वर आलीत. चेहरा तिने सगळ्यात शेवटी पाहिला, आणि ती जानकीबाई होती.

जानकीबाई तिची फार जुनी पेशंट. टेम्पो चालवणारा नवरा गेला तेव्हा वजन असं की कडेवर घेता येईल. चुलतभाऊ तिला दवाखान्याच्या पायरीवर सोडून गेला तो गेलाच. पण बाई चिवट. गोळी कधी चुकवली नाही. बाटली खुळखुळू नये म्हणून आत कापूस दाबायची, आणि लग्नघरी गायला गेली तरी कमरेच्या पिशवीतून काढून वेळेवर घ्यायची. गावात कुणाला पत्ता लागला नाही. लागला असता तर गाणं संपलंच होतं; जिच्या हाताची हळद नवरीला लागते तिच्याबद्दल असं काही कळल्यावर कुणी उंबऱ्यात उभं करत नाही. तिच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाल्यालाही कित्येक वर्षं झाली होती. तो दबलाय, गेला नाही, गोळ्या थांबल्या की परत उठतो, हे तिला पाठ होतं. नव्या बायकांना ती केंद्राच्या बाकावर बसून तेच समजावून सांगायची.

तीच जानकीबाई आता धवला थांबवून मागे वळली, आणि साऱ्या मांडवादेखत दात दाखवून हसली.

"काय म्याडम! बऱ्या हाव ना?"

एवढ्या वर्षांत हेमालीच्या कुठल्याही पेशंटने असं केलं नव्हतं. नियमाप्रमाणे तिने आता हसायला हवं होतं, पण तोंड हलेना.

"तू कशी ओलखतेस गो आमच्या ताईंना?" आनंदी वहिनीने विचारलं. दादाची बायको मनाने चांगली, पण कान तिखट. गोलातल्या दोन-चार माना वळल्या.

"डाक्टरीनबायना कोन वलखत न्हाय?" जानकीबाई म्हणाली, आणि अजून हसली. "मना बी लय वरसां..."

"ओटी भरायची ना?" हेमाली मध्येच म्हणाली. आवाज नको तेवढा चढला. "आणा ताट. मला परत ड्युटीवर जायचंय."

"बघा, आल्याबरोबर जायाची घाई," वहिनी म्हणाली आणि ताट आणायला उठली. बायका हसल्या, विषय टळला. ड्युटी-बिटी काही नव्हती, रविवार होता.

ताट आलं. तांदूळ, नारळ, सुपारी, खण. जानकीबाईने पदर पसरला आणि गायला लागली, "आत्याबाय हेमाली गो, भरं ओटी तांदलांची..." हेमाली तिच्यासमोर वाकली, पहिली ओंजळ घातली, आणि त्या गाण्याखाली ओठ न हलवता विचारलं, "गोळ्या?"

जानकीबाईने ओळ पुरी केली. मग श्वास घेता घेता, अगदी आनंदाने, म्हणाली, "सोडल्या."

उरलेल्या ओंजळी हेमालीने कशा घातल्या तिलाच आठवत नाही. नारळ ठेवताना ती एवढंच म्हणाली, "मागच्या दारी या."

मागे गोदामाची भिंत, आणि भिंत नि घर यांच्यातल्या बोळात आचाऱ्यांची मोठाली पातेली पालथी घातलेली. पंखा घरघरत होता, त्यामुळे बोलणं बाहेर जात नव्हतं. जानकीबाई ओटी सांभाळत आली आणि एका पातेल्यावर टेकली. हाताला हळद तशीच.

"कधी सोडल्या?"

"संक्रांतीच्या आदी."

म्हणजे पाच महिने झाले. हेमालीने मनातल्या मनात हिशेब केला, खोकल्याचा, वजनाचा, गळ्याच्या हाडांचा. हे तिला झोपेतही जमलं असतं. "तुम्हाला माहीत होतं ना जानकीबाई? थांबल्या की परत उठतो. तुम्हीच बाकीच्यांना सांगायचात."

"सांगत व्हते ना. पन मग तुमीच तर मना मोकली केली."

"मी?"

"तीनबत्तीला," जानकीबाई म्हणाली. "भाजीबाजारात. तुमी कोथमीर घेत व्हत्या. मना त्या दिवशी धाकलीचे बारशाचं सांगाचं व्हतं, बहिनीची नात माजी, तवा म्हटलं आज हसूच. मी हसले. तुमी माज्याकडं बघलं. सरल डोल्यांत बघलं. मी म्हटलं, म्याडम. आनि तुमी कोथमीर पिशवीत टाकली नि गेल्या."

हेमालीला कोथिंबीर आठवेना. बाजार आठवेना. त्या आठवड्यातलं काहीच आठवेना.

"पयलं वाईट वाटलं," जानकीबाई सांगत होती. "घरी येऊन बसले. मग इचार केला. म्याडमचा शबुद हाय, पेशंट हसला तर म्याडम हसनार. लय वरसां झाली, तुमी कंदी खोटं बोलल्या न्हाय. आनि आता हसल्या न्हाय. म्हंजे मी पेशंटच न्हाय. रक्तात तर कवाचा सापडत न्हवता. आता तुमच्या वहीतून बी नाव गेलं. कुनाला तोंडानं सांगता येत न्हाय तवा म्याडमनी असं सांगलं." तिने हळदीचा हात गालाला लावला, तिथे पिवळं उमटलं. "त्या रातीला गोली घेतली न्हाय. मृणालीताईचा फोन आला तवा वाटलं, हिला अजून ठावं न्हाय."

दवाखान्यात अशी चूक कुणी केली नव्हती. कोणी दारू पिऊन गोळ्या सोडी, कोणी बाबाच्या अंगाऱ्यावर, कोणी गावी जाऊन. डॉक्टरचा शब्द इतका खरा मानून सोडणारी ही पहिली. निबंधात हिच्यासाठी रकानाच नव्हता.

"जानकीबाई," हेमाली म्हणाली, "मी तुम्हाला पाहिलंच नव्हतं."

"बघलं ना. डोल्यांत बघलं."

"डोळे होते. मी नव्हते त्यात." हे बोलणं तिला स्वतःलाच विचित्र वाटलं, पण दुसरं सापडेना. "मला हल्ली कोणी दिसत नाही. कोणी हसलं तरी कळत नाही. तुम्ही बऱ्या झाल्या नव्हतात. माझंच बिघडलंय काहीतरी."

जानकीबाईच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि त्यामागची बाई तेवढी उठून गेली. मग तिने ओटीतले तांदूळ सारखे केले, उगाच.

"म्हंजे हाय ते हायच."

"आहे. आणि हा खोकला मला आवडत नाही. मंगळवारी केंद्रात या, तो आधी तपासू, मग गोळ्या परत सुरू करू. अजून वेळ गेलेली नाही. पण आता उशीर केलात तर जाईल."

"धाकलीला मी पाच म्हयने कडेवर घेतलाय," जानकीबाई म्हणाली. "मुके घेतलं. त्याच्या आदी कंदी कुनाचे पोराला हात लावला न्हाय मी."

"मुक्याने हा आजार होत नाही. आम्ही सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगलेलं व्हतं," ती म्हणाली. "मी तरी घेत न्हवते."

खोकला क्षयाचा नाही हे कळेपर्यंत त्या पोरीजवळ जाऊ नका, असं डॉक्टर म्हणून सांगणं भाग होतं, आणि ते हेमालीने सांगितलं. तपासणी होईपर्यंत बाळाला लांब ठेवा. तोंडावर पदर घ्या. जानकीबाईने मान हलवली. तिला हे सगळं नवं नव्हतं.

"आनि ही हालद?" तिने दोन्ही हात पुढे केले. "तुमचे पोरीला लावली मी या हातांनी."

"हळदीने काही होत नाही. मीच तुम्हाला सांगते, लावा."

"मंगलवारी येता का म्हनून इचारू नका," जानकीबाई उठत म्हणाली. "मी अजून काय ठरवलं न्हाय. पाच म्हयने मी लय चांगली व्हते, म्याडम. परत त्या बाकावर बसायाचं मना आता होतंय का न्हाय, ठावं न्हाय."

आणि ती पुढच्या दारी गेली. थोड्या वेळाने मांडवातून आवाज आला, आधीपेक्षा बारीक, मधे मधे तुटणारा.

हेमाली बोळातच उभी राहिली. तिला पेशंटच्या मागे लागायची सवय होती: फोन, घरभेट, दुसरा फोन. घरभेट इथे चालणार नव्हती. ती जानकीबाईच्या दारात गेली की त्याच दिवशी सगळं संपलं. फोन तर जानकीबाईने उचलायला हवा. म्हणजे जानकीबाई आपण होऊन आली तरच वाचणार होती, आणि नाही आली तर दिवाळीनंतर मृणाली सकाळी येऊन सांगणार होती, आणि आपण काय म्हणणार होतो तेही हेमालीला ठाऊक होतं. तिला त्या 'हूं'ची भीती वाटली. भीती वाटतेय, हे कळायला तिला जरा वेळच लागला.

ती मांडवात जाऊन बसली. ड्युटी आहे म्हणणारी बाई बसलेली बघून वहिनीने भुवया उंचावल्या, पण पुढ्यात लाडू ठेवला. पूर्वीने "आत्या, फोटो" म्हणून ओढलं, गालाला हळद फासली. हेमालीची नजर धवलारणीवरून हलत नव्हती. आता हसली तर, तिने ठरवलं होतं, मी हसेन. कोण बघतंय ते बघणार नाही. लोकांना काय समजायचं ते समजू दे. पण हसू दे.

जानकीबाई हसली नाही. तिने तोंडावर पदर घेतला होता, कुणाला वाटावं मानासाठी घेतलाय. पूर्वीच्या अंगाला शेवटची हळद तिने स्वतः लावली नाही. शेजारच्या म्हातारीचा हात धरून लावून घेतली. धवला संपला. डीजेवाल्यांनी वायरी जोडायला घेतल्या.

निघताना जानकीबाईला साडी दिली, नारळ दिला. गावच्या दोन बायका तिच्यासोबत रिक्षाने जाणार होत्या. गेटापाशी हेमाली उभी होती, मुद्दामच, वाटेत येईल अशी. तिघीजणी बोलत बोलत आल्या.

"डाक्टरीनबाय, येतो हां," त्यातली एक म्हणाली, उगीच मोठ्या माणसाला म्हणतात तशी.

जानकीबाई काही म्हणाली नाही. ती हेमालीच्या इतकी जवळून गेली की हळदीचा वास आला. तिने वर पाहिलं, सरळ हेमालीच्या डोळ्यांत पाहिलं, आणि परक्या माणसावरून जावी तशी तिची नजर पुढे गेली. कपाळावर आठी नाही, ओठांवर काही नाही. दुपारी "काय म्याडम" म्हणून ओरडणारी ती हीच, असं कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

असं बघायला ही बाई कुठे शिकली होती ते हेमालीला पक्कं माहीत होतं. पेन खाली ठेवून तिनेच शिकवलं होतं. बरी झालेली जानकीबाई हसली असती, हात धरला असता, बारशाला बोलावलं असतं. ही तिची पेशंट होती, आणि ती मंगळवारी बाकावर येऊन बसणार होती.

हेमालीचा हात अर्धा वर आला होता. तो तिने पदराकडे नेला आणि पदर सारखा केला. रिक्षा वळून हायवेच्या बाजूला गेली. हेमालीच्या गालावरच्या हळदीवरून ओलं ओघळलं, आणि ते तिला कळलं.

वहिनी मागून येऊन तिच्याजवळ उभी राहिली.

"मगाशी विचारायचं राह्यलं," ती म्हणाली. "त्या जानकीला तुम्ही ओलखता का, ताई?"

"नाही," हेमाली म्हणाली. "कोण ती?"